तोड्यांचं विमान

गलाईवाल्याला एकच विद्या येते, ती म्हणजे मोडायची. लोकांच्या तुटक्या साखळ्या, झिजलेल्या बांगड्या, सराफाच्या दुकानातला केर, जे येईल ते मुशीत घालायचं, वितळवायचं, त्यातलं हीण काढून टाकायचं आणि चोख तेवढं ठेवायचं. कडेगाव-विट्याकडची निम्मी गावं याच धंद्यापायी देशभर पांगली आहेत. लालासाहेबानं उमेदीची सगळी वर्षं कोईमतुरात भट्टीपुढं काढली. त्याच्या हाताखालून मणामणानं चांदी गेली, सोनं गेलं, पण स्वतः घडवली म्हणून दाखवावी अशी एक वस्तू त्याच्या नावावर नव्हती. त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही. न्हाव्याला कुणी केस उगवायला सांगतं का?

पण त्याच्या बायकोनं, शालूबाईनं सांगितलं.

दुकान मुलाच्या, शिवतेजच्या हवाली करून लालासाहेब गावी परतला होता. ऊस होता, दोन म्हशी होत्या, रक्तात साखर जरा जास्त होती, बाकी तक्रारीला जागा नव्हती. गेल्या दसऱ्याला शालूबाई माहेरी जाऊन आली आणि आल्यावर ओट्यावर नवऱ्यासमोर फतकल मारून बसली. पायातले चांदीचे तोडे तिनं कसेबसे ओढून काढले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले.

“ह्याचं मला एक इमान करून द्या,” ती म्हणाली.

चांदीचं विमान! लालासाहेबाला वाटलं, बाई थट्टा करतेय. पण तोडे समोर होते. लग्नात तिच्या आईनं घातलेले. ते तिनं बाळंतपणात काढले नव्हते, उसात भांगलताना काढले नव्हते, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला काढायला सांगितले तेव्हा डॉक्टरशी भांडली होती.

“कसलं इमान?”

“माझ्या आजाचं.”

आजाचं विमान म्हणजे काय, हे लालासाहेबाला ठाऊक होतं. शालूबाईचं माहेर साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं. तिचा आजा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं लढायला गेला होता. तिथं नदीकाठच्या एका गावात त्याची पलटण वेढ्यात अडकली. दाणागोटा संपला, माणसं घोडी मारून खाऊ लागली. आजा घोडं खाईना. घोड्यावर बसायचं असतं, ते ताटात घ्यायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. उपाशी राहून पार काटकुळा झाला. मग एक दिवस वरून विमान आलं आणि त्यानं पिठाची पोती टाकली. काही नदीत गेली, काही शत्रूच्या बाजूला पडली, आणि एक आजाच्या पुढ्यात येऊन फुटलं. त्यानं ते पीठ मातीसकट पटक्यात गोळा केलं. “त्या पिठावर मी तगलो आन् माझ्यावर तुमी,” असं तो नातवंडांना सांगायचा. शालूबाईनं ही गोष्ट त्याच्या मांडीवर बसून इतक्यांदा ऐकली होती, की पोत्याची शिवण कुठं उसवली तेही तिनं सांगितलं असतं.

आजाचं मेडल माहेरच्या देवघरात आहे. खंडेनवमीला हत्यारांबरोबर ते पाटावर मांडतात आणि त्याची पूजा होते. या खेपेला शालूबाई नेमकी तिथं होती. हळदकुंकवाचा करंडा घेऊन ती पुढं झाली, तेव्हा तिचा थोरला भाऊ दादासो, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, सहज बोलून गेला, “तू कशाला गं शाले? घरच्या सुना हायत की. लेक काय, दुसऱ्याच्या घरची.” वाईट मनानं बोलला नाही. त्यांच्यात रीतच तशी. शालूबाई हसून मागं सरली, पण परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली ती कडेगाव येईपर्यंत तशीच.

“मेडल त्यांचं,” तोडे पुढं सरकवत ती म्हणाली. “इमान माझं. मला माझ्या घरात पूजायचं हाय. आन् पोती पायजेत त्येला. पोत्याबिगर इमान मला नको.”

लालासाहेब हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तो कोईमतुरात असताना तिनं इथं सासू-सासरे सांभाळले, ऊस सांभाळला, आणि इतक्या वर्षांत तोंड उघडून कधी काही मागितलं नाही. आता मागितलं, ते पायातलं काढून देऊन.

शिवतेजनं मोबाईलवर चित्रं पाठवली आणि मापंही काढून दिली. खऱ्याचा पन्नासावा हिस्सा धरला तर पंखांचा पसारा वीतभर होत होता. त्या काळचं विमान काही आताच्यासारखं गुळगुळीत नव्हे. पंखावर पंख, दोहोंमध्ये उभ्या दांड्या, आडव्यातिडव्या ताणाच्या तारा, नाकाशी लाकडी पंखा आणि पोटाखाली सायकलीसारखी दोन चाकं.

“आण्णा, हे खरंच उडत हुतं?” शिवतेजनं फोनवर विचारलं.

“उडत व्हतं म्हणून तू हायस,” शालूबाईनं मागून उत्तर दिलं.

लालासाहेबानं गोठ्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये बूड टेकलं आणि सगळ्यात आधी गलाईवाला जे करेल तेच केलं. तोडे मुशीत वितळवले, तेजाबात टाकले, त्यातलं हीण निपटून काढलं आणि बगळ्याच्या पंखासारखी शुभ्र चांदी हातात घेतली. तोड्यांमध्ये तांबं बरंच निघालं. सासूच्या सोनारानं हात मारला होता म्हणायचा. ही गोष्ट त्यानं बायकोला सांगितली नाही. माहेरच्या दागिन्याला नावं ठेवून कुठला नवरा सुखानं जेवलाय? तेजाबाचं निळं-हिरवं पाणी त्यानं परड्यात ओतलं, आणि कढीपत्त्याचं झाड वाळलं तेव्हा शालूबाईच्या शिव्या मुकाट खाल्ल्या.

मग घडवणं सुरू झालं. पोलादी पट्टीच्या भोकांतून चांदीची तार ओढायची, ती बारीक करायची, तिचा सांगाडा वळवायचा, सांधे ज्योतीवर झाळून जोडायचे, वर पातळ पत्रा चढवायचा. वितळवण्यात हातखंडा असलेल्या माणसाला झाळणं म्हणजे महाकठीण. ज्योत जरा जास्त लागली की सांध्याबरोबर दांडीही पाणी होऊन जायची. जन्मभर ज्याची वाट बघत भट्टीपुढं बसला, तेच आता नको होतं. पोती मात्र पहिल्याच झटक्यात झाली. चांदीचा थेंब पाडला की तो आपसूक गोळा होतो. वरून चिमटीनं तोंड आवळलं की झालं पोतं. शालूबाईनं ती तळहातावर घेऊन बघितली आणि खूश झाली.

“पोती बरी जमली. आता तेवढं इमान राह्यलं,” ती म्हणाली.

संक्रांतीच्या सुमारास पहिलं विमान उभं राहिलं. लालासाहेबानं ते फळीवर ठेवलं, लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि त्या रात्री त्याला झोप छान लागली. सकाळी बघतो तर वरचे पंख खाली झुकलेले, लग्न लागून गेलेल्या मांडवासारखे. त्यानं बोटानं वर केले, दुपारपर्यंत पुन्हा लोंबले. मग त्यानं गलाईवाला जे करेल तेच पुन्हा केलं. विमान उचललं आणि मुशीत टाकलं.

दुसरं विमान गावच्या यात्रेच्या आसपास झालं. तेही लोंबलं आणि मुशीत गेलं. तिसऱ्याच्या वेळी त्यानं दांड्या जाड केल्या, तर चाकं वाकून विमान पोटावर बसलं. ते तर त्यानं कुणाला दाखवलंसुद्धा नाही.

“आवं, तुमी घडवताय का नुसतं वितळवताय?” शालूबाईनं विचारलं.

“चूक असलं तर ठेवायचं कसं?”

“शिवतेजचा कान वाकडा हाय जन्मापासनं. त्येला घातला का भट्टीत?”

लालासाहेबानं हे हसण्यावारी नेलं, पण आत कुठंतरी खुपत होतं. तोड्यांच्या जागी शालूबाईच्या घोट्यांवर गोरे पट्टे उमटले होते. ती अंगण झाडायची, म्हशीला पाणी दाखवायची, तेव्हा ते पट्टे त्याच्या डोळ्यासमोरून हलायचे. बायका विचारत, “शालूबाई, तोडे कुठं गेलं?” ती सांगे, “घडवायला टाकल्यात.” कुणाकडं टाकलेत ते सांगत नसे. ते ऐकून त्याला धरणी ठाव देईना. तोडेही गेले आणि विमानही नाही, असं झालं तर या बाईला आपण काय तोंड दाखवणार?

त्यात दादासोच्या कानावर ही गोष्ट गेली. त्याचा फोन आला. फौजी माणूस, फोनवरही परेडला उभा असल्यासारखा मोठ्यानं बोलायचा.

“दाजी, इमान काढताय म्हणं? आवं, मोडण्यात जल्म गेला तुमचा. मोडणारा घडवणार व्हय? माझ्या बहिणीचं तोडं तेवढं जपा म्हंजी झालं!”

“खंडेनवमीला जेवायला या सुभेदार,” लालासाहेब म्हणाला. “बघा मग.”

फोन ठेवून त्यानं फळीकडं बघितलं. आमंत्रण तर देऊन बसला होता, आणि फळीवर होता नुसता चांदीचा गोळा.

श्रावणातल्या एका दुपारी तो शेडमध्ये हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. शालूबाई चहा घेऊन आली. पुढ्यातला गोळा तिनं बघितला आणि काय झालंय ते ओळखलं.

“पुन्यांदा?”

“अगं, चांदी चोख हाय. शंभर नंबरी. तरी उभी ऱ्हाईना. लोण्यागत वाकतीया.”

शालूबाईनं चहाचा कप खाली ठेवला. “माजं तोडं वाकलं का कवा? उसाच्या सरीत दगडावर आपटलं, म्हशीनं पाय दिला, तरी न्हाई वाकलं.”

“त्यात तांबं हुतं,” लालासाहेब बोलून गेला आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता. “लय हुतं. मी काढलं. तुला सांगितलं न्हाई. सोनारानं तुझ्या आईला...”

“सोनारानं काय? आईनंच घालाय लावलं व्हतं,” शालूबाई म्हणाली. “दुष्काळाची सालं. चांदी पुरंना. आई म्हणली, घाल तांबं, माझी लेक कष्टाच्या घरात चाललीया, नुसत्या चांदीचं तोडं आठ दिसांत मोडतील. मला ठावं हाय की.”

लालासाहेबानं बायकोपासून लपवून ठेवलेली गोष्ट तिला लग्नाच्या आधीपासून माहीत होती. आणि आपण इतके महिने मान मोडून काय केलं? आईनं समजून-उमजून घातलेलं तेवढं वेचून बाहेर काढलं आणि कढीपत्त्याच्या बुडात ओतलं. त्याला हसू आलं, रडूही आलं, आणि चहा गार झाला.

पण सुचणं वेगळं आणि करणं वेगळं. चोख चांदीत आपल्या हातानं तांबं घालायचं! ज्यानं जन्मभर हीण काढून पोट भरलं, त्याला हे म्हणजे माळकऱ्यानं मटणाला फोडणी घालण्यापैकी होतं. त्याच्या वडिलांनी तर अशा माणसाला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. दोन दिवस तो शेडकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी कडेगावात विहिरीच्या मोटारींना तार भरून देणाऱ्या धुळाकडं गेला आणि जळक्या मोटारीतली मूठभर तांब्याची तार मागून आणली.

“काय करताय आण्णा, मोटार भरताय?” धुळानं विचारलं.

“भेसळ करतोय,” लालासाहेब म्हणाला. एकदा मोठ्यानं बोलून टाकल्यावर त्याला पुष्कळ बरं वाटलं.

दहा भाग चांदीला एक भाग तांबं घातलं. तार ओढली तशी हाताला कळली. तिला कणा आला होता. वळवली की वळत होती, सोडली की होती तिथं राहत होती. चौथं विमान भराभर उभं राहिलं. दांड्या ताठ, तारा ताणलेल्या, चाकं बोटानं फिरवली तर फिरणारी. पोटाखाली शालूबाईची दोन पोती लटकली. सकाळी पंख जागेवर होते. दुसऱ्या दिवशीही होते. शालूबाईनं टेबलफॅन लावून बघितला, मांजरानं पंजा मारून बघितला, विमान हललं नाही.

फक्त उजवीकडचा वरचा पंख नखभर वर राहिला होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. लालासाहेबाला मात्र आता दुसरं काही दिसेना. बसता-उठता त्याचा डोळा तिकडंच. शेवटी एका सकाळी न राहवून त्यानं विमान उचललं आणि मूस शोधू लागला. फळीवर नाही, भट्टीपाशी नाही, गोणपाटाखाली नाही.

“माझी मूस कुठाय गं?”

“परसात बघा.”

मूस परसात होती. तिच्यात माती भरून शालूबाईनं कोथिंबीर पेरली होती, आणि ती चांगली दोन बोटं वर आली होती. लालासाहेब मुशीकडं बघत उभा राहिला. मग त्यानं विमान नेऊन फळीवर ठेवलं. संध्याकाळी आमटीवर कोथिंबीर पडली, ती त्यानं न बोलता खाल्ली.

खंडेनवमीला ओसरीत पाट मांडला. विळे, खुरपी, कुऱ्हाड, उसाचे कोयते, मोटारीचा स्टार्टर, लालासाहेबाचे चिमटे, सगळं धुऊन-पुसून ओळीनं ठेवलं. मधोमध विमान. झेंडूची माळ त्याला मोठी झाली, म्हणून शालूबाईनं एकच फूल शेपटीशी ठेवलं. हळदकुंकू लावायचं राहिलं होतं, कारण दादासोची गाडी दारात येऊन थांबली.

दादासो सातारी पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला. येतानाच म्हणाला, “कुठाय दाजी तुमचं हवाई दल?” मग त्याला पाट दिसला. तो वाकला. गुडघे टेकून बसला. विमान त्यानं दोन्ही हातांनी उचललं, उजेडाकडं धरलं, आणि पोटाखालच्या पोत्यांना आपलं जाडजूड बोट अलगद लावलं.

“पोती,” तो म्हणाला. “आजा म्हणायचा, पोटाखाली बांधलेली हुती. शाले, तुला ध्यानात हाय?”

“मला सगळं ध्यानात हाय दादा.”

बराच वेळ तो विमान फिरवून बघत राहिला. मग त्यानं मान वर केली. “दाजी, मी बोललो ते चुकलं. मानलं तुमाला. पर शाले, ही वस्तू आपल्या घरात पायजे. मेडलाशेजारी. आजाचं हाय हे. आज नेतो बरूबर, उद्या दसऱ्याला समदी भावकी दर्शनाला येईल.”

शालूबाई पदराशी चाळा करत क्षणभर उभी राहिली, आत गेली, आणि एक धुतलेलं स्वच्छ फडकं घेऊन बाहेर आली. हे फडकं लालासाहेबाच्या ओळखीचं होतं. याच्यातूनच वर्षानुवर्षं माहेरी डाळ गेली, गूळ गेला, भाच्यांच्या लग्नात होतं नव्हतं ते गेलं. भावानं मागितलं आणि तिनं नाही म्हटलं, असं एकदाही झालं नव्हतं. आताही ती फडकं उलगडत होती.

मेव्हण्याला, तेही सणाला घरी आलेल्या, नाही कसं म्हणायचं? लालासाहेब घसा खाकरून उठला. दादासोच्या हातातलं विमान त्यानं अलगद काढून घेतलं.

“सुभेदार, आमच्या धंद्यात एक रीत हाय,” तो म्हणाला. “कितीबी मोठं गिऱ्हाईक असू दे. माल ज्यानं आणला, त्येच्याच हातात परत द्यायचा. बापाच्या न्हाई, भावाच्या न्हाई, नवऱ्याच्या सुदीक न्हाई. ही रीत मोडली की गलाईवाल्याला बाजारात कुणी उभं करत न्हाई.”

त्यानं विमान शालूबाईच्या हातात दिलं. फडक्यावर नाही, थेट हातात.

“घे. तुझा माल. आता कुणाला द्यायचं ते तू ठरव.”

शालूबाईनं विमानाकडं बघितलं, मग भावाकडं. तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

“दादा,” ती म्हणाली, “न्हाई देत मी.”

म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं विमान पाटावर होतं तिथं ठेवलं, फडकं खांद्यावर टाकलं, करंडा उघडला, आणि सगळ्यांच्या आधी विमानाच्या नाकाला हळद लावली, कुंकू लावलं, दोन्ही पोत्यांवर एकेक बोट टेकवलं. मग करंडा भावापुढं धरला.

“आता तुमी लावा. आजा तुमचाबी हाय.”

दादासोनं करंडा घेतला. एवढ्या मोठ्या बोटांनी एवढं बारीक काम त्याला जमेना, अर्धं कुंकू पंखावर सांडलं. मग त्यानं हात जोडले. उठला तेव्हा बहिणीकडं न बघता, खालच्या मानेनं म्हणाला, “पुढल्या खंडेनवमीला मेडलच घेऊन येतो हितं. दोन्ही एका पाटावर मांडू.”

“आणा की,” शालूबाई म्हणाली. “पण त्येलाबी आदी कुंकू मी लावणार.”

सुभेदारानं मान डोलावली. शालूबाई डोळे पुसत पोळ्या लाटायला आत गेली, आणि लालासाहेबानं मेव्हण्यासाठी जेवायचा पाट मांडला.